कंगव्याच्या साच्याचं स्टील

८ ऑगस्ट, शनिवार

लाडक्या धाकटीस,

थोरलीचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. हवा दमट, माझे गुडघे कुरकुरतात, ह्यांचा खोकला मात्र गेला.

तुझ्या कंपनीचं नवं स्टील आलं आणि ह्यांची कळी खुलली. प्लॅस्टिकच्या साबणडबीचा साचा त्यातच कोरला, मग एकेक करून बाकीचेही. "बघ, ड्रिल कसं लोण्यातून गेल्यासारखं जातंय! आणि गंज नावालासुद्धा नाही. मेहुणी कुणाची?" हे दिवसातून दहादा. मी म्हटलं, "मेहुणी तुमची, पण बहीण माझी आहे." तर म्हणाले, "तरी तुझ्या वाट्याला एवढीच अक्कल कशी आली?" सगळं वर्कशॉप हसलं. मीही हसले. शाळेत सिस्टर म्हणायच्याच ना, अक्षर थोरलीचं, डोकं धाकटीचं.

मग मी काय केलं, सांगू? त्या स्टीलचा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीत ठेवला. उठल्या उठल्या बघायला जायची. एखादा तांबूस ठिपका, एवढंच मागणं होतं. ह्यांनी पकडलं.

"परीक्षा कुणाची चाललीय? स्टीलची की धाकटीची?"

तुकडा आपला लख्ख.

तुला हसू येईल. पण लग्नापासून आमच्या संध्याकाळी कशा गेल्या, ते तुला ठाऊक नाही. मशीन थांबली की साचा उघडायचा. अर्धा भाग ह्यांचा, अर्धा माझा. पुसून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर सकाळी गंज धरलेलाच. कामगार गेलेले, समोरासमोर दोन स्टुलं. हा माणूस घरात मुका गं. जे काही बोलला, ते तिथेच. सासूबाई गेल्या तेव्हा रडला तोही तिथेच, तेलकट हातांनी डोळे पुसत.

आता म्हणतात, "ह्याला तेल नको, पुसणं नको. तू घरी जा, पाय वर करून बस." आणि त्या वेळेला तुला फोन लावतात. घरी आले की तू काय म्हणालीस ते मला सांगतात. मी भाजी चिरत ऐकते.

जुन्या स्टीलचा आता एकच साचा उरलाय, कंगव्याचा; तो चालतो त्या दिवशीच दोन स्टुलं लागतात. तोही नव्यात करायचं ह्यांच्या मनात आहे. तुझ्याकडे स्टील मागतील. तेवढ्या जाडीचं येत नाही म्हणून सांग. तुझा शब्द ते मोडणार नाहीत.

आजवर तुझ्याकडे काहीही न मागितलेली,
तुझी थोरली