बेथेल क्लबची शांततेची वही

१ जून २०२५, रविवार

आज चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलं आणि निश्चय केला. पुढच्या चार महिन्यांत बेथेल हॉकी क्लबच्या नावावर एकही मारामारी लागू द्यायची नाही. समर्थक मंडळाचा सेक्रेटरी मी, तेव्हा जबाबदारी माझी.

नाताळच्या सुट्टीतल्या मोठ्या स्पर्धेत आमच्यावर बंदी आहे. कारण गेल्या वर्षीची सेमीफायनल. कोपरगावच्या मॅनेजरला डोक्यात तीन टाके. समितीनं कळवलंय: जून ते सप्टेंबर नीट वागा, तसं पाळकसाहेबांच्या सहीचं पत्र आणि सोळा खेळाडूंची यादी ३० सप्टेंबरपर्यंत द्या, मग विचार करू.

म्हणून एक वेगळी वही सुरू केली. 'प्रसंगांची वही'. जे घडेल ते तारीखवार, नावानिशी, खरं. मी कॉलेजात लायब्ररियन आहे. नोंद चुकली तर मला झोप लागत नाही.

स्वतःलाही विचारलं: प्रभुदास, तू कुणावर हात उगारतोस का? प्रामाणिक उत्तर: चव्वेचाळीस वर्षांत विनाकारण एकदाही नाही.

८ जून, संध्याकाळ

मैदानावर चिखल. खेळ बंद, म्हणून बोलणं जोरात. बैठक अजिनाथच्या चहाच्या हॉटेलात. विषय: बेथेलचं नाव का खराब झालं आणि यंदा टीममध्ये कोण हवं.

कल्याणचं पंक्चरचं दुकान आहे, आणि हॉकीतलं सगळं आपल्याला कळतं असं त्याचं मत आहे. तो म्हणाला, नाव खराब हाय म्हनूनच तर आपन टिकून हाय सर, आपल्या गोलाम्होरच्या डीमधी पाय ठिवायचा तर समोरचा आधी घरी फोन लावतो. मी शांतपणे म्हणालो, याला दहशत म्हणतात. तो म्हणाला, व्हय, पन त्या दहशतीमुळं गोल व्हईनात त्येचं काय? मी म्हणालो, माणसाला न लागता बॉल काढून घेता येतो. तो म्हणाला, दावा बरं.

दाखवलं. स्टिक मी जवळ ठेवतोच, मुद्दा पटवायला बरी पडते. बॉल नव्हता म्हणून कल्याणच्या बुटापाशी बटाटावडा ठेवला. वड्याला काही झालं नाही. नडगीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. कल्याणनं चहाचा ग्लास फेकला, तो माझ्या कानावर फुटला. मग झटापट. भज्यांची परात माझ्या पाठीखाली आली. भजी गरम होती.

प्रसंगांची वही: 'प्रात्यक्षिक. सहभागी: प्रभुदास, कल्याण.' अजिनाथ म्हणाला, भज्याचं काय लिवलं? तेही लिहिलं.

१५ जून

यादी. पंधरा नावं पक्की. प्रश्न सोळाव्याचा. जस्टिन.

जस्टिन म्हणजे माझी बायको मार्था हिचा धाकटा भाऊ. फुलबॅक. एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करतो, कंत्राटी. यंदा स्पर्धेला पुण्याच्या एका कंपनीचा कोच येणार आहे, खेळाडू घेतात ते कायमच्या नोकरीसकट. सत्तावीसच्या वर घेत नाहीत आणि जस्टिनला फेब्रुवारीत अठ्ठावीस पूर्ण होतील. म्हणजे ही शेवटचीच संधी. मला कळतं. पण मी नात्याकडे बघू का क्लबच्या नावाकडे?

सेमीफायनलच्या मारामारीचा एकच फोटो आहे, त्यात मधोमध जस्टिन. दोन्ही हातांनी एका माणसाला कवेत घेऊन उचललंय. त्या माणसाचा चेहरा दिसत नाही. शर्ट माझ्या शर्टासारखा आहे, पण तो रंग तेव्हा बराच चालत होता. बघणाऱ्याला काय दिसतं? बेथेलचा फुलबॅक माणसं उचलतो.

जस्टिनला वगळावं लागेल. स्वतःला तीनदा विचारलं, यात आकस आहे का? तिन्ही वेळा नाही आलं.

५ जुलै, शनिवार

उद्या प्रभुभोजन. कुणाशी बिनसलेलं असताना ते घ्यायचं नाही, आधी समेट करायचा, हे मी कटाक्षाने पाळतो. म्हणून कल्याणच्या दुकानात गेलो आणि स्पष्ट शब्दांत माफी मागितली. त्याचेही डोळे भरून आले. म्हणाला, जाऊ द्या सर, तुमी मोठे हायेत. मिठी मारली. चहा सांगितला.

चहा येईपर्यंत सेंटर हाफचा विषय निघाला.

माझ्या हातात ट्यूब कशी आली ते आठवत नाही. ओली होती. अशा ट्यूबचा फटका तोंडावर बसला की चपराकीपेक्षा मोठा आवाज येतो, ही नवी माहिती. कल्याणचा पुढचा दात पडला. त्यानं टायर उघडायची पट्टी मारली, माझ्या भुवईला दोन टाके. चहावाला पोरगा म्हणाला, दोघांचे ठिवू का परत नेऊ?

६ जुलै, रविवार

रात्रभर विचार केला. समेट साडेपाचला झाला, झटापट पावणेसहाला. म्हणजे प्रभुभोजनासाठी लागणारा समेट पूर्ण होता. नंतरचं ऑगस्टमध्ये धरता येईल. घेतलं. भुवईवरच्या पट्टीकडे पाळकसाहेब दोन सेकंद जास्त बघत राहिले.

२० जुलै, रविवार

चुकीतून शिकायला हवं. आजची बैठक चर्चच्या हॉलमध्ये घेतली आणि नवा नियम केला: चपला काढतो तिथेच स्टिका ठेवायच्या. सगळ्यांनी ठेवल्या. बाहेर तेवीस स्टिका ओळीत. मला भरून आलं. फोटो काढून समितीला पाठवला.

आत गोलकीपरवर चर्चा. अजिनाथचं म्हणणं, जुनाच ठिवा, त्यो बॉल अडवत न्हाई पन मानूस अडवतो. माझं म्हणणं, नेमकी हीच वृत्ती आपल्याला नडली. तो म्हणाला, सर, वृत्तीचं तुमी बोलू नगा, तुमच्या वृत्तीनं माझी परात चेपली. आवाज वाढले. स्टिका बाहेर होत्या, पण हॉलमध्ये प्लास्टिकच्या साठ खुर्च्या आहेत याचा विचार माझ्याकडून राहून गेला होता.

अजिनाथचं गळपट्टीचं हाड मोडलं. खुर्ची माझ्या हातात होती हे मान्य करतो, पण मी ती बाजूला ठेवत होतो. अजिनाथ बाजूला होता. कल्याण माझ्या पाठीवर चढून माझा टाके घातलेलाच कान चावत होता. (दुरुस्ती: टाके भुवईला. कानाला ग्लास.)

शिफ्टला जाता जाता जस्टिन आला. त्यानं कल्याणला माझ्या पाठीवरून सोडवलं, अजिनाथला मोटारसायकलवर मधे बसवून सिव्हिलला नेलं. मार्थाला म्हणालो, बघ, मारामारी झाली की तुझा भाऊ तिथे हजर.

मार्था म्हणाली, मारामारी संपल्यावर हजर. आणि भाकरी करायला लागली. भाकरी जरा जोरात थापत होती.

२ ऑगस्ट, शनिवार

पाळकसाहेबांना भेटलो. त्यांनी विचारलं, प्रभुदास, कुणाशी वैर आहे का? मनाचा कोपरान् कोपरा शोधला. वैर कुठेच नाही. कल्याणवर माझा जीव आहे. अजिनाथला रोज डबा आम्हीच पाठवतो. तसं सांगितलं. ते म्हणाले, तेच तर कोडं आहे. वैरवाल्यांना काय सांगायचं ते मला माहीत आहे.

मग म्हणाले, ती प्रसंगांची वही अशीच खरी लिहीत जा. ही शाबासकीच समजतो.

१७ ऑगस्ट, रविवार

आजवरची सर्वात चांगली कल्पना. थेट कोपरगावला जाऊन त्यांच्या मॅनेजरची, गोरक्षनाथांची, माफी मागायची. त्यांनीच चांगलं पत्र दिलं तर समिती काय बोलणार? कल्याणला बरोबर घेतलं, दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. शाल, नारळ, पेढे.

गोरक्षनाथांचं घर उसाला लागून आहे. मोठा माणूस. ओसरीवर बसवलं, ताक दिलं. डोक्यावरची खूण दाखवून स्वतःच हसले. म्हणाले, झालं गेलं गोदावरीत गेलं. कल्याणही हसला, नवा दात चांगला बसलाय. मी शाल घातली. पत्र द्यायलाही तयार झाले. पेन शोधताना सहज म्हणाले, पन सर, खरं सांगू का, तुमची टीम म्हंजी गुंडांची टोळी हाय. खेळाडू न्हवं हां, खेळाडू गुणी हायेत. बाहीर उभे असत्यात ते.

मी म्हणालो, शब्द मागे घ्या. ते म्हणाले, अवो चेष्टा केली. मी म्हणालो, आम्ही गुंड नाही. ते म्हणाले, बरं न्हाई. पण त्या 'बरं'मध्ये मला खोट दिसली.

नारळ.

आधीच्या खुणेच्या बरोबर शेजारी. मग त्यांचे दोन पुतणे दांडकी घेऊन आले. आम्ही उसात घुसलो. उसाचं पान किती कापतं हे बाहेरून कळत नाही. कल्याणच्या बरगड्यांत दोन दांडकी बसली, माझ्या पाठीत चार. स्टँडवर कल्याण रडत होता. मी म्हणालो, फार लागलं का रे? तो म्हणाला, लागलं त्याचं काय न्हाई सर, सही व्हत आल्ती. टोपन काढलं हुतं त्येनी पेनाचं.

प्रसंगांची वही: चौथा प्रसंग. सगळं लिहिलं. नारळही.

२३ ऑगस्ट

समितीचा फोन. कोपरगावहून तक्रार गेली आहे. पाळकसाहेब म्हणाले, ३० सप्टेंबरच्या आत मंडळानं काहीतरी कडक केलं तर मी सही करीन, नाहीतर यंदाही बंदी. आणि जस्टिनचं वय थांबणार नाही.

सगळे जस्टिनचंच बोलतात. त्या मुलाचं नाव या सगळ्यात किती खोलवर गुंतलंय!

७ सप्टेंबर, रविवार

मार्थाला विश्वासात घेतलं. म्हणालो, कडक ठराव आणतोय, तुझ्या भावाला झळ लागेल, मन घट्ट कर. ती रागावली की माहेरची भाषा बोलते. म्हणाली, माझ्या भावानं जल्मात मुंगी मारली न्हाई, आन तुमी डास मारायला बी स्टिक घेता. न्हाणीघराच्या फरश्या कुणी फोडल्या? मी म्हणालो, तो डास नव्हता, पाल होती. ती म्हणाली, पाल जिती हाय अजून.

विषयांतर करण्याची सवय.

२१ सप्टेंबर, रविवार, दुपार

सर्वसाधारण सभा. शांतपणे लिहितो.

खुर्च्या काढून सतरंजी घातली होती. जस्टिन सभेला पहिल्यांदाच आला, रजा टाकून. कोपऱ्यात बसला. मी उभा राहून ठराव वाचला. शब्द न् शब्द घासूनपुसून घेतलेला: 'जून ते आजपर्यंतच्या प्रत्येक प्रसंगात ज्या व्यक्तीचा सहभाग आढळेल, तिला नातं, वय, पद न पाहता मैदानाच्या फाटकाबाहेर ठेवावं.' म्हणालो, यात माझं कुणी सापडलं तरी मी मागे हटणार नाही. जस्टिनकडे बघणं टाळलं. टाळ्या वाजल्या. इतक्या टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या.

पाळकसाहेब म्हणाले, वही आण.

त्यांनी माझीच वही मोठ्यानं वाचली. पहिला प्रसंग: प्रभुदास, कल्याण. दुसरा: प्रभुदास, कल्याण. मला वाटलं, कल्याण सापडला. तिसरा: प्रभुदास, अजिनाथ, कल्याण. चौथा: प्रभुदास, गोरक्षनाथ, पुतणे दोन. कल्याण ओरडला, चौथ्यात मी निस्ता मार खाल्ला, सरांनीच लिवलंय तसं! खरंच लिहिलं होतं. 'कल्याणनं हात उचलला नाही.' माझं अक्षर.

जस्टिनचं नाव एकदाच होतं. 'जखमीस सिव्हिलला नेले.'

मतदान. सगळे हात वर. अजिनाथचा उजवा अजून गळ्यात बांधलेला, त्यानं डावा केला. माझाही हात वर होता, ठराव मांडणाऱ्याचा असतोच. विरोधात एकटा जस्टिन. म्हणाला, दाजींना राहू द्या, मी बसतो यंदा त्यांना धरून, मी न्हाई खेळत. मग मार्था, जी मंडळाची सभासदही नाही, दारातून म्हणाली, जस्टिन, खाली बस.

मी हात खाली घेतला. खाली येताना तो कल्याणला लागला. जोरात. पाचवा प्रसंग. नवा दातही गेला.

पाळकसाहेबांनी तिथेच पत्रावर सही केली.

१२ ऑक्टोबर

समितीचा होकार आला. सोळा नावं मंजूर. सोबत फाटकावर लावायला म्हणून माझा एक पासपोर्ट फोटो मागितलाय.

चांगला फोटो दिला. सेक्रेटरीला सामना लांबूनच जास्त कळतो, असं माझं मत होत आलंय.

२७ डिसेंबर, शनिवार

सेमीफायनल. बेथेल विरुद्ध कोपरगाव. दूध आणायला बाहेर पडलो, वाटेत मैदान लागलं. (नमूद करतो: डेअरी दुसऱ्या दिशेला आहे.) भिंतीपाशी थांबलो. भिंत उंच. शिट्टी ऐकू येत होती, फळीवर बॉल आपटल्याचा आवाज येत होता. एकदा सगळे ओरडले, पण कुणाचा गोल ते कळेना.

शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी कॉर्नर. आरडाओरडा. कल्याणचा आवाज चढला, मग कोपरगावच्या कुणाचा तरी, बहुतेक गोरक्षनाथांचा. माझ्या मनात आलं ते लिहितो, नाहीतर झोप लागणार नाही. मला वाटलं, आता होऊ दे. एक तरी बसू दे कुणाच्या तरी कानाखाली. फुटू दे एखादं डोकं. म्हणजे ते माझ्यामुळे नव्हतं, असं होईल. भिंतीला कान लावून मी त्याची वाट बघत होतो.

आत कुणीतरी काहीतरी बोललं आणि दोन्हीकडचे लोक हसले.

साडेपाचला फाटक उघडलं. बेथेल दोन, कोपरगाव एक. पुण्याच्या कंपनीचा ट्रॅकसूट घातलेला एक माणूस जस्टिनचा मोबाईल नंबर लिहून घेत होता आणि मार्था शेजारी उभी राहून तो नीट लिहितोय का बघत होती. मागून कल्याण आणि गोरक्षनाथ शेंगा खात आले. बराच वेळ सगळे येत राहिले, मी एकेकाला नीट बघितलं. कुणालाही काहीही लागलं नव्हतं.