डॉल्फिनच्या धापा

नाना,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं होत आली आणि मी तुम्हाला डॉल्फिनबद्दल लिहायला बसलोय. हसा. आमच्या धुळ्यात पांझरेला पाणी आलं तरी माणसं पुलावर बघायला जातात. पण शाळेच्या अंकासाठी विज्ञानाच्या बाईंनी मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनवर लेख लिहिला आणि शुद्धलेखन तपासायला संस्कृतच्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे दिला. डॉल्फिनसाठी शिंशुमार हा संस्कृत शब्द मला ठाऊक होता. तो श्वास कसा घेतो, ते कुठल्या कोशात दिलेलं नव्हतं.

आपला श्वास आपोआप चालतो, त्याला मात्र प्रत्येक श्वास ठरवून, वर येऊन घ्यावा लागतो. म्हणून म्हणे तो अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतो. इथे मला तुम्ही दिसलात, लोडाला टेकून बसल्या बसल्या झोपणारे, पारोळ्याच्या जिनिंगमधला कापूस छातीत भरून घरी आणलेले. पुढे लिहिलंय, लांब बुडी मारून आला की तो भराभर श्वास घेतो. होडीतली माणसं घड्याळ लावून ते मोजतात आणि याला किती कष्ट पडले असतील याचा अंदाज बांधतात. नुसते मोजतात. कोणी त्याला शिकवायला जात नाही.

मी गेलो, तुम्हाला प्राणायाम शिकवायला. दर रविवारी एसटीने पारोळ्याला येऊन मी तुम्हाला ओट्यावर बसवतो. पूरकाला चार, श्वास रोखायच्या कुंभकाला सोळा, रेचकाला आठ. मी बोटांवर मोजतोय आणि तुम्ही सातालाच फुटता.

"धापा टाकू नका नाना, प्राण वाया जातो."

"पंडित, तुन्हा मंतर मन्हा छातीले समजत नही रे."

आई दारातून म्हणते, "त्यास्ले दम खाऊ दे. मास्तर तू शाळामा शे, आठे नही."

तुम्हीच तिला गप्प करता. "शिकेल शे तो."

दोन महिन्यांत तुम्ही सोळापर्यंत पोचलात. चेहरा शांत, हात मांडीवर. शिक्षकांच्या खोलीत मी आठवडाभर तेच सांगत होतो. एवढं कौतुक मी माझ्या पदवीचंही केलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मी छत्री विसरलो आणि स्टँडवरून परत फिरलो. कोपऱ्यावरूनच ओटा दिसतो. तुम्ही गुडघ्यांवर हात टेकून वाकला होतात, आई पाठ चोळत होती, आणि माझ्यासमोर आवरून धरलेल्या सगळ्या धापा एकदम बाहेर पडत होत्या. माझ्याकडे तुमची पाठ होती. मी तसाच वळलो, एसटी गाठली आणि धुळ्याहून कार्ड टाकलं: कुंभक उत्तम साधला आहे, आता वीसपर्यंत न्यावा.

ते कार्ड तुमच्या उशाखाली सापडलं. आई सांगते, शेवटच्या आठवड्यातही तुम्ही बोटांवर मोजत होतात.

बाईंच्या लेखात मी 'धापा' खोडून 'द्रुत श्वसन' लिहिलं होतं. काल ते खोडून पुन्हा 'धापा' केलं. दुरुस्ती म्हणून माझ्या हातून झाली ती एवढीच.

हा कागद पाकिटात घालणार नाही. आईच्या हाती पडायला नको, तिला अजून वाटतं की मला काही ठाऊक नव्हतं. छत्री तिथेच खुंटीला आहे. गेलो की ती आठवण करून देते, "छत्री ली जाय रे." मी दर वेळी विसरल्यासारखं करतो.