उलटा ठसा

३ नोव्हेंबर १९७४, रविवार

धप्प! मग साखळीची खरखर. पुन्हा धप्प! फॉर्ट्सहाइमच्या आमच्या कारखान्यातलं पदकं छापायचं यंत्र. अठ्ठावन्न वर्षं झाली, आणि आज कॉफी ओतताना कानात वाजलं. शाळेतल्या कवितांत हातोडा गातो. आमचा नुसता धापा टाकायचा. मला तेही गाणंच वाटे — सोळा वर्षांचा होतो!

दिवसभर कुणाशी बोललो नाही. संध्याकाळी एक कविता मोठ्याने म्हटली, आवाज शाबूत आहे का बघायला.

५ नोव्हेंबर

स्टुटगार्टच्या हेडविग झाउटरबाईंचं पत्र. सोबत पारखायला वडिलांचा लोखंडी क्रॉस, पहिल्या महायुद्धातलं शौर्यपदक. ‘भाऊ म्हणतो, बाबांनी हा जुन्या बाजारातून उचलला, लढाईच्या गोष्टी सगळ्या थापा. तुम्ही सांगाल ते आमच्या घरात शेवटचं.’

भिंग लावलं. वरच्या कडीवर ठसा आमच्याच कारखान्याचा — ‘के’ आणि खाली टिंब. पण उलटा! टिंब वर, अक्षर डोक्यावर उभं. आम्हा संग्राहकांचा नियम साधा: उलटा ठसा म्हणजे नक्कल. चार ओळी लिहून क्रॉस परत धाडला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

बिअरच्या दुकानातलं आम्हा संग्राहकांचं ठरलेलं टेबल. एबर्ले मास्तर ओरडले, “या, पदकवैद्य! आज कुणाची नाडी बंद पडली?”

सांगितलं. सगळे खो खो हसले. “मेल्यावर पकडला गेला की बिचारा!”

मीही हसलो.

१० नोव्हेंबर

वालबुर्गा!!

शेजारच्या क्नॉप्फलेबाई केक घेऊन आल्या. डाव्या हाताने कापू लागल्या. मी बघतच राहिलो. “काय हो, डावरी बाई पाहिली नाही कधी?”

पाहिली होती. कारखान्यात माझ्या शेजारी बसणारी वालबुर्गा; शाळेत छड्या मारून तिला उजवी केलेली. मुकादम समोर असला की ती कडीवर उजव्या हाताने ठसा मारी. त्याची पाठ वळली की हात बदले, कडीही फिरवून धरी — ठसा उलटा! “गप्प बसायचं हं, कविराज,” मला म्हणायची.

आणि त्या कड्या क्रॉसमध्ये ओवून झाळून जोडायचा कोण? मीच! शेकडो उलटे ‘के’. सगळे अस्सल.

इतकी वर्षं तिचे हात आठवत बसलो. ते हात काय करत होते, तेवढं विसरलो.

लगेच पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, वालबुर्गासकट. चूक माझी, क्रॉस खरा.

१८ नोव्हेंबर

उत्तर नाही.

२१ नोव्हेंबर

टेबलावर सांगून टाकलं. मास्तर म्हणाले, “एका पोरीपायी नियम बदलायचा? म्हातारचळ लागला तुम्हाला!” ग्लास अर्धा ठेवून उठलो. कुणी थांब म्हटलं नाही.

२३ नोव्हेंबर

झाउटरबाईंचं पत्र. ‘तुमचं पहिलं पत्र भावाने जेवताना सगळ्यांसमोर वाचलं. दुसरं फाडलं. म्हणाला, म्हाताऱ्याला आपली दया आली, म्हणून पोरीची गोष्ट रचली.’

फाडलं!

२४ नोव्हेंबर, मृतांचा रविवार

स्मशानात जायला कोट चढवला, तेवढ्यात घंटी. दारात काठीवर रेललेला म्हातारा, माझ्याहूनही थकलेला. जिने चढून धाप लागलेली. त्याने टोपी काढली.

“मी झाउटर. हेडविगचा बाप, तो थापाड्या.” दम घेतला. “मुलगा खाली गाडीत बसलाय. त्याला वर बोलावतो — त्या पोरीचं त्याच्या तोंडावर सांगाल का?”