‘रेग्रेसा’ की ‘रेग्रेसे’

प्रिय छोट्या,

फोनवरच बोललो असतो, पण तिथे तू मला बोलू देतोस कुठे? ‘बाबा, सगळं मजेत, जरा कामात आहे,’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. ते तरी मधेच बंद करता येणार नाही.

माझी स्पॅनिशची शिकवणी चालू आहे. वर्गात सगळी पोरंसोरं, त्यांत मी एकटा कवळी सांभाळत ‘र’ घोळवतो. नातीशी तिच्या भाषेत चार शब्द बोलता यावेत, एवढाच माझा हट्ट. सूनबाई बिचारी माझ्यासाठी सावकाश बोलते. नात मात्र माझी एकही चूक सोडत नाही, थेट तुझ्या आईवर गेलीय.

मध्यंतरी बाईंनी क्रियापदांचं एक नवंच रूप काढलं. ‘आर’ने संपणाऱ्यांचा ‘आ’ जाऊन ‘ए’ येतो, ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांचा ‘ए’ जाऊन ‘आ’. तो बोलतो ते ‘आब्ला’, त्याने बोलावं ते ‘आब्ले’. तो जेवतो ते ‘कोमे’, त्याने जेवावं ते ‘कोमा’. एकमेकांच्या चपला घालून निघाल्यासारखं. हे कशाला हवंय, असं मी वैतागून विचारलंसुद्धा. बाई म्हणाल्या, जे मनात आहे पण अजून घडलेलं नाही, त्याच्यासाठी.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी नातीला विचारलं, पापा घरी येतो तेव्हा तुम्ही एकत्र जेवता का? ‘क्वांदो रेग्रेसा पापा’, अगदी घोटून गेलो होतो. तिने लगेच सुधारलं: आजोबा, ‘रेग्रेसे’. मला वाटलं, चुकली पोर. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, दोन्ही बरोबर आहेत. रोज येतो त्याला ‘रेग्रेसा’. अजून यायचाय, त्याला ‘रेग्रेसे’.

मग मला वर्गात बसवेना. हल्ली तू फोन वेगळा करतोस. तुझ्यामागे कोरी भिंत असते, नातीची चित्रं लावलेली दिसत नाहीत. सूनबाईला तुझं विचारलं की ती माझ्या गुडघ्यांवर येते. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी ‘र’ घोळवत बसलो होतो. तू घर सोडलंयस ना रे? मला फार भीती वाटते आहे.

तुमच्या दोघांत काय बिनसलं, ते मी विचारणार नाही. तुम्ही एकत्र राहाल की नाही, तेही माझ्या हातात नाही. पण त्या पोरीला कुणी समजावलेलं दिसत नाही, ती नुसती वाट बघतेय. मला आता एक अख्खं वाक्य बिनचूक येतं, ते तुला लिहावं म्हणून हा खटाटोप: ‘क्येरो के रेग्रेसेस.’ तू परत यावंस. माझ्याकडे सवडीने ये, आधी तिच्याकडे जा. गेलास की मला कळवू नकोस. रविवारी मी तिला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारीन आणि ती मला सुधारते का, ते ऐकेन.

तुझाच,
बाबा