पत्र्याच्या बासरीतलं गुलाबी मेण

३ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुझे गुडघे काय म्हणतात? माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही, म्हणजे राग पक्का आहे. तरी हे फाडण्याआधी वाच, कारण बातमी भलतीच आहे. तुझा भाऊ बासरी वाजवतो! तोच, ज्याला शाळेत गाण्याच्या तासाला नुसते ओठ हलवायला सांगायचे.

बासरी म्हणजे खेळण्यांच्या दुकानात मिळते ती. शिट्टीसारखी उभी धरायची, पत्र्याची, वर प्लास्टिकचं तोंड. एका बाईंनी आम्हा नऊ जणांना एकेक वाटली. त्या बाई कोण, ते सांगतो पुढे. पहिल्या दिवशी आम्ही फुंकली तेव्हा शेजारच्या खोलीतून एक माणूस धावत आला, कुणाला लागलं का विचारायला! खालचे सूर फाटायचे, वरचे कानात सुई घालायचे. आमच्यातले निवृत्त पोस्टमन म्हणाले, "हिच्यापेक्षा माझ्या सायकलचा ब्रेक सुरात होता."

मला राहवेना. बत्तीस वर्षं कवळ्या केल्यात. काही नीट बसत नसलं की माझे हात शिवशिवतात. घरी नेली, तोंड गरम पाण्यात धरलं, चिकटवलेलं सुटलं आणि ते अलगद निघालं. भिंग लावून आत पाहिलं. हवा जिथे कापली जाते त्या पातीचा काठ खरखरीत राहिलेला, आणि हवेच्या वाटेखाली उगाचच एक पोकळी. काठ बारीक कानशीनं घासला. पोकळीत कवळीसाठी वापरतो ते गुलाबी मेण भरलं. फुंकलं तर आवाजच नाही. तुझ्या भावजयीनं टाळ्या वाजवल्या. "आता अशीच राहू द्या," म्हणे.

मेण जास्त होऊन वाटेत आलं होतं. कोरून सपाट केलं, पुन्हा फुंकलं. ताई, काय सांगू! खालचा सूर असा गोल निघाला की तुझी भावजय इस्त्री उभी करून ऐकतच राहिली.

मग काय, बाकीच्या आठही बासऱ्या माझ्या टेबलावर. तोंड आता सरकतं, म्हणून ज्याची चढी लागेल त्याचं केसभर बाहेर ओढायचं. बस कंडक्टरबाईंची सगळ्यात हट्टी, दोनदा मेण बदललं. आणि मंगळवारी नऊ जणांनी मिळून एक सूर धरला. एकच, ताई! कुणाचा कुठला ते कळेना. पोस्टमनांच्या डोळ्यांत पाणी, कंडक्टरबाई ओरडल्या, "पुढे चला, पुढे चला, अजून जागा आहे!" आम्ही हसता हसता खोकलो.

खोकलो. आता लपवण्यात अर्थ नाही. त्या बाई इस्पितळातल्या, श्वासाचे व्यायाम घेतात. आम्ही नऊही जण तिथले पेशंट. तू कानीकपाळी ओरडायचीस, "तोंडाला फडकं बांध, कवळ्या घासताना उडते ती पूड छातीत जाते." मी हसण्यावारी नेलं. गेली छातीत. भाचीच्या लग्नाला आलो नाही, "काम फार आहे" असं कळवलं, त्या दिवशी मला ऑक्सिजन लावलेला होता. भाऊजी श्वासाच्याच दुखण्यानं गेले. लग्नघरी तोच शब्द पुन्हा कसा पाठवू? तुझ्या भावजयीला मीच शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नकोस. नंतर सांगणार होतो, तर तू बोलणं टाकलंस आणि मी पडलो भित्रा. मामा कामापायी लग्न चुकवतो, हे तुला खरं वाटलं याचं वाईट वाटलं. थाप मीच मारली होती, तरीही.

आता चांगलं ऐक. पहिल्या दिवशी माझा सूर चार सेकंद टिकला होता. काल बाईंनी घड्याळ धरलं, एकवीस! डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिलीय. कामाच्या वेळी मास्क लावतो, तुझी शप्पथ. रविवारी दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं येतोय. भाचीला आणि जावईबापूंना बोलावून ठेव. एकच गाणं येतं, तेही अर्धं, पण वाजवीन. आणि तू मनात साठलंय तेवढं सगळं बोल. मधे तोंड उघडणार नाही.

तुझी सगळी बोलणी ऐकून वर उत्तर द्यायला पुरेल एवढा दम असलेला,

तुझा धाकटा