आईचं रागावणं

५ ऑगस्ट

चि. धाकटीस,

ताईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. तू पाठवलेली पोर सुखरूप पोहोचली. तुझ्या वॉर्डातल्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना सांग, लेकीची काळजी सोडा आणि ऑपरेशनला धीरानं सामोऱ्या जा. आल्या दिवशी पोरगी साऱ्या बालगृहात अशी गरगर फिरली की आम्ही तिचं नाव भिंगरी ठेवलं. जेवलीही पोटभर. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी सगळ्या मुलींच्या आईवडलांची नावं घेते, त्यात तिच्या आईचंही घेतलं. म्हटलं, पोरीला परकं वाटायला नको.

पण दुसऱ्या दिवसापासून काय बिनसलं कोण जाणे. ताटापुढे बसते, पण घास उचलत नाही. दूध दिलं की ओठ घट्ट मिटून घेते. फार मिनतवारीनं दोन-चार चमचे पेज जाते, तेवढीच. ताप नाही, पोट दुखत नाही, आणि रडत तर मुळीच नाही. प्रार्थनेची घंटा झाली की भिंगरीबाई धुण्याच्या खोलीत चादरींच्या ढिगामागे दडून बसतात. आमच्या मोठ्या मुलींत एक आहे, सगळ्यांवर हुकूम सोडते म्हणून तिला मुकादम म्हणतात. ती रोज हिला ओढून आणते आणि ही कानांत बोटं घालून बसते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नळीनं दूध द्यावं लागेल. एवढ्याशा जिवाला नळी! माझ्याच घशाखाली घास उतरत नाही गं. तुला काही सुचलं तर लगेच लिही.

तुझी,
ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,

धाकटीचा सप्रेम सलाम. वि. वि. तुझं पत्र कामाच्या गडबडीत उभ्या उभ्या वाचलं. इथे तिची आई सकाळी डोळे उघडले की पहिलं लेकीबद्दल विचारते. मी ठोकून दिलं, दोन-दोन पाव खाते म्हणून. नर्सच्या नोकरीत खोटं बोलायला फार लवकर शिकतो माणूस.

ताई, रागावू नकोस, पण एक विचारते. तुझ्या त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत नावं कुणाकुणाची असतात? मागे मी आले होते तेव्हा तू आपल्या आईबाबांचीही घेतली होतीस. तिथल्या मुलींचे आईवडील म्हणजे बहुतेक सगळे देवाघरी गेलेले. त्याच रांगेत तू एका जित्याजागत्या बाईला नेऊन बसवलंस. पोरीला कुणी सांगितलं असेल की मावशी ज्यांची नावं घेतात ती माणसं परत येत नाहीत, तर ती बिचारी काय समजेल? मुकादमबाईंना जरा विचारून बघ. जेवायचं मात्र तू सोडू नकोस, घरात उपाशी माणूस एक पुरे.

तुझी,
धाकटी

१२ ऑगस्ट

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या तोंडात साखर पडो, नेमकं तेच झालं होतं. मुकादमनंच तिला पहिल्या संध्याकाळी समजावलं होतं की ही नावं येशूजवळ गेलेल्यांची. तिनं ते मायेनं सांगितलं, मीही नाव मायेनं घेतलं, आणि दोघींनी मिळून पोरीची आई मारून टाकली. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी कपाळावर हात मारून घेतला.

लगेच भिंगरीला मांडीवर घेऊन सांगितलं, तुझी आई आहे, औषध घेते आहे, बरी होऊन येणार आहे. तिनं ऐकून घेतलं आणि खाली उतरून निघून गेली. मुकादम म्हणाली, मावशी, हे तर आम्हालाही सांगत होते, आई औषध घेते आहे, लवकर येणार आहे. मोठ्या माणसांचं हे गोड बोलणं इथल्या प्रत्येक मुलीनं एकदा ऐकलेलं आहे गं.

आता आईनंच काहीतरी सांगून पाठवायला हवं, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असं. ऑपरेशनच्या तोंडावर तिला खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. पण पोर दिवसेंदिवस वाळत चालली आहे, उशीर करू नकोस.

तुझी,
ताई

१५ ऑगस्ट

ती. ताईस,

सप्रेम सलाम. वि. वि. दिवसभर घाबरत घाबरत अखेर तिला सांगून टाकलं. मला वाटलं, बाई हंबरडा फोडतील, खाटेवरून उठून चालू लागतील. कसलं काय! अशी संतापली म्हणतेस, की शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून जागी झाली. ती बोलत गेली आणि मी लिहीत गेले. पोरीला वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस, आणि तुझा तो मऊ आवाज नको, चांगला तापून वाच:

भिंगरी म्हणतात होय गं तुला? मी तिथे नाही म्हणून अन्नावर रुसतेस? लाज नाही वाटत? दूध प्यायचं आणि मिशी पुसायची. बाहीनं नाही, रुमालानं. वेणी घालताना पळायचं नाही. आणि माझी मोठी कात्री घेऊन बाहुलीचे केस कुणी भादरले, ते मला ठाऊक आहे. कात्री गादीखाली सापडली होती मला. तेव्हा माझ्या अंगात ताप होता म्हणून बोलले नाही, विसरले असं समजू नकोस. घरी आले की बघतेच तुझ्याकडे.

एवढं बोलून दमली, पाणी प्यायली आणि मगच तिचे डोळे भरून आले. परवा ऑपरेशन. आपण दोघी प्रार्थना करू, पण ताई, कृपा कर, त्या रांगेत नको.

तुझी,
धाकटी

१९ ऑगस्ट

चि. धाकटीस,

उदंड आशीर्वाद. वि. वि. जीव भांड्यात पडला! न्याहारीच्या वेळी सगळ्यांसमोर वाचलं, माझ्या आवाजात आणता येईल तेवढा राग आणून. आधी भिंगरी नुसती बघत होती. पत्रात कात्री आली मात्र, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि मान खाली गेली. मग हळूच विचारलं, आई फार रागावली आहे का. मी म्हटलं, फारच. त्यावर खुलासा आला की बाहुलीचे केस परत वाढतील असं वाटलं होतं. आणि मग पाव मागितला गं तिनं! एक तोंडात, एक हातात, आणि इतक्या दिवसांचं रडू ते आत्ता, पाव चावता चावता. मी तिला जवळ घेऊन तिच्याबरोबर रडून घेतलं. दूधही प्यायली आणि मिशी रुमालानं पुसून माझ्याकडे बघितलं, आईला कळवा म्हणून.

आजारी माणसांसाठी आता आम्ही सकाळी वेगळी प्रार्थना करतो, उभं राहून, खिडक्या उघड्या टाकून. मुलींना बजावून सांगितलं, ही नावं बरं व्हायच्या वाटेवरची. भिंगरीच्या आईचं नाव भिंगरीच घेते, तेही एवढ्या मोठ्यानं की रस्त्यावरून जाणारे वळून बघतात.

अजून एक लिहायचं आहे, कसं लिहू कळत नाही. काल मी चादरींच्या घड्या घालत होते, तेव्हा मुकादम येऊन उभी राहिली. भिंगरीच्या आईला दवाखान्यात फार काम असतं का, असं विचारू लागली. मी म्हटलं, नाही गं, ती बिचारी खाटेवर पडूनच असते. तर म्हणाली, मग मलाही थोडं रागावतील का, विचारा ना. कशाबद्दल, असं मी विचारलं. ती म्हणाली, कशाबद्दलही चालेल. दाराआड बाकीच्या सगळ्या उभ्या होत्या.

ऑपरेशनचं काय झालं ते तातडीनं कळव. माझं लक्ष लागून राहिलं आहे.

तुझी,
ताई

२३ ऑगस्ट

ती. ताईस,

सप्रेम सलाम. वि. वि. ऑपरेशन चांगलं झालं. काल उशीला टेकून बसली, आज माझ्या हाताला धरून खिडकीपर्यंत गेली. पुढच्या महिन्यात लेकीला घरी न्यायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी आनंदानं दोन वेळा तोच ताप मोजला.

तुझं पत्र तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मुलींचं ऐकून म्हणाली, उगाच कुणाला रागावणं मला जमायचं नाही. कोण उष्टं टाकतं, कोण न्हायला कंटाळतं, कोण कुणाला चिमटे काढतं, ते सगळं मला एकेकीच्या नावानिशी कळवा, मग एकीलाही सोडणार नाही.

तेव्हा ताई, आजच बसून लिही, आणि कुणाच्या खोड्या झाकू नकोस.

लोभ असू दे, जेवणानंतरच्या औषधासारखा, न चुकता.

तुझी,
धाकटी