आखूड स्टड आणि ओट्यावरचा नारळ

शुक्रवार, संध्याकाळ. पेडणे.

नारळ अजून ओट्यावरच आहे.

उद्या मीनलचा वास्कोच्या नोकरीचा पहिला दिवस. स्वतःच्या गाडीने जायचं, हे लेकीने कधीचं ठरवलेलं. नव्या जाड रिमना जुने बोल्ट पुरेनात, म्हणून आज म्हापशाहून स्टड आणले, म्हणजे चाक ज्यांवर नटाने आवळतात ते आट्यांचे दांडे. अंगणात स्वतःच बसवले, चाक चढवलं. मामंजी नव्या चाकांसाठी देवाला गाऱ्हाणं घालायला पुढे उभे, नारळ वर उचललेला, आणि नट आवळता आवळता ही थांबली.

"आजो, नारळ रवांदे. नट अर्धोच भरता."

"अगो, देव आसा मरे राखपाक!"

"देवाक कित्याक त्रास? स्टड जितको जाड, तितको तरी नटाच्या भितर रिगाक जाय. हे आखूड पडले."

मामंजी फुरंगटून आत गेले. मीही म्हटलंच, एका दिवसाने काय होतंय? तिने सगळे स्टड काढले. चेहरा उतरला होता, हात मात्र थांबले नाहीत. लांब स्टड मिळेपर्यंत गाडी उभीच, उद्या बसने जाणार आहे.

मला तिच्या वयात जमलं असतं हे? नारळ वर उचललेला, शेजारी जमलेले, आणि आपण म्हणायचं, थांबा? मी बहुतेक देवावर सोडून मोकळी झाले असते. कुणावर गेलीय ही?

मघाशी मामंजी स्वयंपाकघरात डोकावले.

"नारळ आमटीक घेतलंय काय गो?"

"नाही."

"शेंडी काढू नको हां. बायचे लांब स्टड येवंदेत."